रेघ मारलेली ओळ

२ एप्रिल, बुधवार

आईचा फोन. शाळेतलं खिचडी शिजवायचं काम महिनाअखेर सुटणार! बावीस वर्षं झाली. २६ तारखेला निरोप समारंभ— गुरुजी म्हणाले, जाईबाईंनी दोन शब्द बोलायचे. आई म्हणते, "गौतमे, तूच लिहून दे. मी पाठ करीन. आजवर पोरांनी माझं नुस्तं खाल्लंय, ऐकलं न्हाई कवा."

हो म्हणून बसले. काय लिहायचं, पत्ता नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आधी नुसतं सुचू द्यायचं ठरवलंय. येईल ते टिपायचं. धूर. पावसाळ्यातली ओली लाकडं. आईच्या पदराचा हळदीचा वास. पातेलं, ज्यात मी आख्खी मावायचे.

कुरकुंभला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की एकेक येतं. आज पातेल्यातून वाफ निघाली आणि तिच्यात सगळी शाळा तरंगायला लागली— घंटा, फळा, गुरुजींची सायकलसुद्धा. बस गेटवर थांबली तरी मी तिसरीतच होते. मागच्या बाईनं हलवून उठवलं.

८ एप्रिल

सतीश म्हणाला, "नुसती छताकडं बघतीयास. लिही की आता." नवऱ्यांना हे कळत नाही— बघणं हेच अर्धं लिहिणं असतं.

९ एप्रिल, बुधवार

आज बसमध्ये न बोलावता आलं ते लिहिलं: "पहिल्या वर्षी निम्मी पोरं आईच्या हातचं खात नव्हती. घरून डबा आणायची. मीही."

लगेच रेघ मारली. एकच, आडवी, शेजारी सही, तारीख. कंपनीत आमच्या लॅबच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे. हात सवयीनं तसाच गेला. चांगलं गिरबटून टाकायला हवं होतं!

आम्ही बौद्धवाड्यातले. डबेवाल्या मुली लिंबाखाली बसायच्या. जरा बाजूला का होईना, मला बसू द्यायच्या, आणि मला तिथंच बसायचं होतं. म्हणून टोपल्यातली भाकरी चोरून न्यायचे. आई पळी घेऊन समोर उभी, तिला सांगायचे, पोट दुखतंय. फार लाज वाटते. आजवर कुणाला बोलले नाही.

१३ एप्रिल

दोन पानं झाली. गोड झालंय. धूर, हळद, पातेलं, गुरुजींचे आभार. ती ओळ नाही.

२० एप्रिल, रविवार

गावी जाऊन आले. दौंडहून एसटीत बसले ती न्हावऱ्यापर्यंत डुलकीतच.

वहीतून भाषण वाचून दाखवलं. आई हसत ऐकत होती. मग मागची पानं उलटता उलटता एका जागी बोट ठेवलं. "हितं रेघ का मारलीस?" तिला अक्षर येत नाही, पण रेघ दिसते.

"काही नाही, चुकलं होतं."

"वाच की."

वाचलं. "मीही"सकट. आई उठली, पिठाचा डबा काढला आणि भाकरी थापायला बसली. निघताना वहीतला भाषणाचा कागद तेवढा फाडून मागितला.

परतीच्या एसटीत झोप नाही, काही सुचलंही नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आईनं कागदाची घडी मोडलीच नाही. माइकपुढं उभी राहून म्हणाली, "पहिल्या साली निम्मी पोरं डबा आणायची. माझी पोरगी बी. टोपल्यातनं भाकर जायाची, ते मला कळत न्हाई व्हय? मग मी रोज एक जास्तीची थापायचे, पोर उपाशी नको. दिवाळीनंतर एक दिस ती भाकर तशीच उरली. तवाच कळलं, आज पोर पंगतीला बसणार. त्या दिशी खिचडीत मी दोन पळ्या त्याल जास्त घातलं."