हल्लीच्या यंत्रांचा आवाजच बारीक

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकशील, ठाऊक आहे मला. सात-आठ महिने आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आणि आता ताईची एकदम चार पानं! घाबरू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत आणि मी भांडायला बसलेली नाही. उलट आज माझ्या छातीवरचा धोंडा उतरलाय, आणि तो कसा उतरला हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. सांगीन, पण आधी थोडं इकडचं तिकडचं. एकदम मुद्द्यावर येणं आपल्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

कुलपाचं मात्र आधीच बोलून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. तुझ्या दाराला मी बसवलेलं ते आकडे दाबून उघडायचं कुलूप चांगलंच होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगीन. तू त्यात टीव्हीच्या रिमोटमधले जुने सेल काढून घातलेस, त्याला कुलूप बिचारं काय करणार? पण नेमकी त्याच दिवशी माझ्या भाचीच्या, म्हणजे तुझ्या लेकीच्या, होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची होती. आपण सगळे त्यांना घ्यायला खाली उतरलो, दार मागे आपोआप लागलं, आणि वर येऊन बघतो तर कुलूप मुकं! किल्लीवाला येईपर्यंत विहीणबाई जिन्याच्या पायरीवर रुमाल अंथरून बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तू म्हणालास की ताईला माणसांपेक्षा खोकी प्यारी. मी तशीच जिना उतरले. पर्स आत राहिली होती, ती तू मागाहून कुरियरने पाठवलीस, सोबत चिठ्ठी नाही की चपाटी नाही. मग दोनेक आठवड्यांनी तुझा फोन आला, आणि फोनवर तू जे म्हणालास ते मी कुणालाच सांगितलं नाही, तुझ्या भावोजींनासुद्धा नाही. तुझा नंबर तेवढा ब्लॉक करून टाकला. भावोजी मध्ये पडायला आले, त्यांनाही मी गप्प बसवलं. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, तिचं आमंत्रण आलं, तेव्हा मी त्यांना सांगून मोकळी झाले की तुम्ही एकटेच जा, मला त्या घरात कुणी बोलावलेलं नाही.

असो. आता माझा आवडता विषय. तू नाक मुरडशील, मुरड. माझ्या मते आजवरचं सगळ्यात शहाणं यंत्र म्हणजे पाणी तापवायची विजेची किटली. काम झालं की आपणहून बंद पडते आणि वर ‘मी केलं, मी केलं’ म्हणून मिरवत नाही. दुसरा नंबर घर झाडत फिरणाऱ्या त्या गोल डबड्याचा. सोफ्याखाली अडकतं, पडद्याची झालर गिळतं, पण निदान प्रयत्न तरी करतं. तुझ्या भावोजींनी सोफ्याखाली कधी डोकावून पाहिलेलं मला आठवत नाही. बिनवायरचे इयरफोन म्हणजे हरवायला विकत घ्यायची वस्तू. हातातलं घड्याळ मात्र मला फार आवडतं. फोन आला की ते मनगटावर थरथरतं, आणि मला कळतं. नाहीतर हल्लीच्या फोनची घंटा म्हणजे घंटाच नाही, डास गुणगुणावा तशी. फोन जितका पातळ, तितका त्याचा आवाज पातळ, हा माझा सिद्धांत आहे आणि मी तो दुकानदाराला तोंडावर ऐकवला आहे.

टीव्हीचंही तेच. पूर्वीच्या पोटवाल्या टीव्हीत आवाजाला जागा असायची. आताच्या चपट्या टीव्हीचा आवाज मागे भिंतीकडे जातो, त्यामुळे बातम्या आपल्याआधी शेजारच्यांना कळतात. दाराची घंटा मी वर्षात तीनदा बदलली, तरी पार्सलवाला म्हणायचा की बाई, मी दहा मिनिटं बोट दाबून उभा आहे. आणि ते बोलकं खोकं, ज्याला हवामान विचारता येतं! मी ओरडून विचारायचे आणि ते पुटपुटून उत्तर द्यायचं. मग मी पुन्हा विचारायचे, ते पुन्हा पुटपुटायचं. शेवटी ते उचलून मी चादरींच्या कपाटात ठेवलं. घरात पुटपुटणारा एक नवरा पुरे.

वाचनालयात तर कहरच. आमच्याकडे आता वाचकांनी स्वतःच पुस्तक नोंदवून न्यायचं यंत्र आलंय. सहकारी नाराज, पण मी खूश, कारण जे काय असेल ते पडद्यावर लिहून येतं. वाचकांचं काही खरं नाही बघ. वाचनालयात हळू बोला अशी पाटी आम्हीच लावली, पण इतकं हळू? परवा एक गृहस्थ मेजापाशी येऊन काहीतरी कुजबुजले. मी तत्परतेने उठले आणि त्यांना मधमाश्यांवरची तीन चांगली पुस्तकं काढून दिली. दुसऱ्या दिवशी ते पुस्तकं परत घेऊन आले आणि म्हणाले, वाचायला मजा आली, पण मला मधुमेहावरचं हवं होतं. मी माफी मागितली आणि मनात म्हटलं, माणसाने स्पष्ट बोलावं.

तुझ्या एव्हाना लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. मी आपली एकेका यंत्राला नावं ठेवत बसले होते.

मग ती तबकडी आली. धूर झाला की बोंबलणारी तबकडी असते ना छताला, ती मीच निवडून वाचनालयात बसवून घेतली होती आणि सगळ्यांना सांगत सुटले होते की हे मॉडेल अजिबात कटकट करत नाही. एक दिवस माझी मदतनीस, फार गुणी मुलगी आहे, कानात कापूस घालून कामाला आली. मी विचारलं, कान दुखतोय का? तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग कागद घेऊन तिने लिहून दाखवलं की तबकडीची बॅटरी संपत आलीय, आठवडाभर ती मिनिटामिनिटाला चिरकतेय, वाचक कंटाळून उठून जातात, आणि तुम्ही बरोबर तिच्या खाली बसता. मी वर पाहिलं. तबकडीवरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. धाकट्या, त्या क्षणी माझ्या सगळं लक्षात आलं. घंटा, टीव्ही, फोन, पार्सलवाला, सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले आणि मला हसू लागले.

घरी येऊन भावोजींना सांगितलं, तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. दोन वर्षं त्यांना माहीत होतं म्हणे! मग बोलला का नाहीत, विचारलं, तर म्हणाले, बोललो होतो, तुला ऐकू आलं नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की जाड आवाज मला नीट येतात, बारीक आणि वरचे आवाज गळतात. शब्दाचं धड ऐकू येतं, शेपूट ऐकू येत नाही. उरलेलं माणूस आपल्या मनाने जोडून घेतं आणि त्याला वाटतं आपण ऐकलं. कानाचं मशीन लावा, म्हणाल्या. आणि बघ गंमत, बाजारात येईल ते यंत्र आधी घरी आणणारी मी, हे एक यंत्र म्हटल्यावर महिनाभर टाळाटाळ करत बसले. ते मला यंत्र वाटतच नव्हतं. म्हातारपण कुणीतरी डबीत घालून हातात द्यावं तसं वाटत होतं.

शेवटी लावलं. आता माझं मत ऐक, कारण मी मत दिल्याशिवाय राहत नाही. किटली दुसऱ्या नंबरवर गेली! शेंगदाण्याएवढी वस्तू, पण काय काम करते! पहिल्या दिवशी मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकून मागे कुणी येतंय असं वाटलं. फ्रिज घुमतो, कागद कुरकुरतो, आणि आमचा मायक्रोवेव्ह काम झाल्यावर पाच वेळा पीप करतो, हे अगदी असभ्य आहे. बोलकं खोकं कपाटातून बाहेर काढलं, तर त्याचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ निघाले. आणि तुझे भावोजी दाढी करताना गुणगुणतात. पूर्वी गुणगुणायचे, मग सोडलं असावं, अशी माझी समजूत होती. सोडलं नव्हतं रे. मी बाथरूमच्या दाराशी टॉवेल धरून उभी राहिले आणि रडले. मग ते बाहेर आले आणि घाबरलेच.

आता मुद्द्यावर येते. हे मशीन फोनला जोडता येतं, आवाज थेट कानात उतरतो. तुला माहीत आहे, माझ्या फोनवर येणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. पुस्तकविक्रेते फोनवर एक सांगतात आणि नंतर दुसरंच म्हणतात, म्हणून मी ती सोय करून ठेवली होती. काल जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, आवाज कितपत स्वच्छ येतो हे बघायला मी जुने कॉल ऐकत बसले. एका विक्रेत्याचा ऐकला, गॅसवाल्याचा ऐकला, आणि खाली तुझं नाव आलं. तो कॉल मी कधीच पुन्हा ऐकला नव्हता. पुसलाही नव्हता. त्यात काय आहे ते मला तोंडपाठ होतं. तू म्हणाला होतास, “ताई, झालं ते झालं. मला बोलायचं नाही तुझ्याशी.” इतके महिने हे वाक्य घेऊन मी झोपले आणि उठले. आई गेल्यावर ज्याला मी पाटी-पेन्सिल देऊन शाळेत सोडायला जायचे, त्याला माझ्याशी बोलायचं नाही.

कॉल सुरू झाला. तुझा आवाज थेट कानात, इतका जवळ, की मी मान वळवून बघितलं. तू आधी घसा साफ केलास. आणि म्हणालास, “ताई, झालं ते झालं. मला बोलायचंय ना तुझ्याशी.” त्यावर माझा स्वतःचा आवाज आला, कर्कश, पार्सलवाल्यावर ओरडावं तसा. “नसेल बोलायचं तर नको बोलूस!” आणि फोन बंद. मी तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. मदतनीस मुलीला बोलावून तिलाही ऐकवला आणि हा माणूस काय म्हणतोय ते लिही म्हटलं, आणि तिनेही तेच लिहिलं. बोलायचंय ना. तो ‘य’ माझ्या कानातून गळला होता, आणि पुढचा ‘ही’ मी रागाने माझ्या पदरचा जोडला होता. तू तो म्हणालाच नव्हतास. धाकट्या, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मी त्या पुस्तकांच्या खोक्यावर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. आणि मग मनात आलं, मी सात महिने चुकीच्या वाक्यावर काढले, पण तू? तुला तर धडधाकट कान आहेत. तू बोलायला आलास आणि ताईने तोंडावर दार लावलं, हे तू खरंच ऐकलंस. नंतर फोन लावून पाहिला असशील, तर तोही लागला नसेल. म्हणून हे पत्र. फोनच करणार होते, पण आधी हे तुझ्या हातात कागदावर पडावं असं वाटलं, म्हणजे एक अक्षर इकडचं तिकडे व्हायला नको. ब्लॉक काढलाय. भाचीला सांग, आत्या लग्नाला येतेय, चार दिवस आधी येतेय. आणि हे वाचून झालं की लगेच फोन कर. मला बोलायचंय. माझ्याशी ओरडून बोलायची सवय झाली असेल तुला, पण आता हळू बोललास तरी चालेल.

तुझीच,
ताई