मावशीचा आवाज एका पातळीत

५ एप्रिल
आजपासून मागची खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतींना गोधड्या ठोकल्या. बायकोचं, आशाचं सुरू झालं, वर्षाचे गहू येणार, कोठ्या कुठं ठेवू? शेवटी तह झाला. तिच्या भावाच्या, काकासाहेबांच्या मुलीचं लग्न आहे. हळदीत माझं गाणं गाजलं तर खोली माझी. नाहीतर कोठ्या आत आणि मी बाहेर.
शेंद्र्याच्या कंपनीत जन्म प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात घालवून व्हीआरएस घेतली, ती याचसाठी. कान तयार आहेत, आता फक्त नाव व्हायचं बाकी आहे.

७ एप्रिल
शेजारचे कारभारी येऊन गेले. म्हणे, भाऊ, स्पीकर जरा दमानं लावा, भांडी हालायलीत. मी अगदी बारीक आवाजात ऐकत होतो. प्रगती बघवत नाही लोकांना.
बेल बिघडली आहे. ते म्हणे कधीचे वाजवत होते.

१० एप्रिल
रेकॉर्डिंग! आशाची चतुरामावशी करमाडहून आली. पंचक्रोशीत हळदीची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत. पण माईकची शिस्त शून्य. 'पिवळ्या हाताची लेक माझी' असं घर दणाणून म्हणते आणि 'निघाली परगावा'ला आवाज पार विरघळतो. दोन कडव्यांच्या मधे नुसते ओठ हलवत बसते. पुढची ओळ आठवत असणार.
जाताना माझ्याकडे बघून आशाला काहीतरी म्हणाली. या घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.

१२ एप्रिल
लॅपटॉपवरचा आवाजाचा कॉम्प्रेसर शिकलो. सोपं आहे. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज त्याच्यावर चढला की कॉम्प्रेसर त्याला खाली दाबतो. मग मेकअप गेन द्यायचा, म्हणजे सगळंच वर उचलायचं. मोठं लहान होतं, लहान मोठं होतं, सगळे एका पातळीत.
आशाला समजावलं. ती म्हणाली, मेकअप हळदीच्या दिवशी करू, आधी कुकर बघा. कुकर करपला होता. शिट्टी झालीच नाही, मी शेजारीच बसलो होतो. उद्या शिट्टी बदलणे.

१५ एप्रिल
शिकवणाऱ्या व्हिडिओतला पोरगा म्हणतो रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, चार पुरे. मी वीस ठेवला. मनाने मोठं असावं. उंबरठा अगदी जमिनीला टेकवला आणि मेकअप गेन भरपूर. स्क्रीनवर मावशीचा आवाज आता पाटासारखा सपाट. मधल्या शांततेत बारीक उंचवटे दिसतात. पंखा असणार. राहू दिले, जिवंतपणा येतो.

१९ एप्रिल
फायनल फाइल तयार. आशाला म्हणालो, ऐक. ती म्हणाली, हळदीलाच ऐकीन, सध्या पापड वाळत घालायचेत. बरंच झालं. कलाकाराने घरच्यांचं मत घेऊ नये.
व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर ठरला: 'सोन्याचे कान'.

२४ एप्रिल, सकाळ
आज हळद. वरपक्ष फर्दापूरचा. विहीण सारजाबाई जरा कडक आहेत म्हणतात. गाणं ऐकून विरघळतील. परतल्यावर गोधड्यांवर आणखी एक थर देणे.

२४ एप्रिल, दुपार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
पहिलं कडवं झालं. मांडवात हशा. मला वाटलं आनंदाचा. दुसऱ्यानंतर सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मी काकासाहेबांना म्हणालो, बघा, रडल्या. डीजेवाल्याने आवाज आणखी वाढवला, तेव्हा कुठं मलाही ऐकू आलं.
मावशी कडव्यांच्या मधे आठवत नव्हती. बोलत होती. पहिल्यानंतर म्हणे, च्या नाय पानी नाय, नुस्तं गा म्हनतोय. दुसऱ्यानंतर, फर्दापूरची विहीण फणसावानी, वरून लई काटे, आतून गोड असंल तर बरं. आणि तिसऱ्यानंतर, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं: आशीचा नवरा भोळा हाय, पर त्याला ऐकू येत नाय. समद्यांला ठावं हाय, त्यालाच कुनी सांगंना.
सारजाबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, परत लावा. परत लावलं. परत परत लावलं.
मावशीने मला कोपऱ्यात गाठलं. म्हणे, उंबऱ्याच्या आतलं बोलनं मांडवात वाजवलं व्हय, जावाईबापू? मग माझा हात धरून बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. गाण्याचं नाही. सगळ्यांना माहीत होतं, याचं.

२६ एप्रिल
गाणं गाजलं, त्यामुळे तहाप्रमाणे खोली माझी, असं आशाला म्हणून बघितलं. तिने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

२८ एप्रिल
काचेच्या खोलीत बसवलं. भिंतींना फोम, माझ्यापेक्षा भारी स्टुडिओ. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या ऐकण्याचा थ्रेशोल्ड वर सरकलाय. कुजबुज, शिट्टी, बेल, काही उंबरठा ओलांडून आत येत नाही. प्रेसशॉपची देणगी. कानात मशीन बसवू, ते हळू आवाज उचलतं, मोठा दाबून धरतं. मी विचारलं, म्हणजे कॉम्प्रेसर? म्हणाल्या, तेच. रेशो वीस ठेवा म्हणालो. त्यांनी दोन ठेवला.

६ मे
मशीन लावून माझं गाणं ऐकलं. श्वास आणि पंखा एवढे फुगलेत, जणू लोहाराच्या भात्यात बसून कुणीतरी गातंय. आणि 'निघाली परगावा' मी केवढ्यानं ओरडायला लावलं मावशीला! लेक निघाली की हाकलली? मूळ रेकॉर्डिंग लावलं. तिथं तिचा आवाज हळू होतो, कारण तिथं तो भरून येतो. डोळे पुसले. लॅपटॉप बंद केला.
गोधड्या काढायला घेतल्या. हरलो म्हणून सांगायला बाहेर आलो, तर आशा पाठमोरी, गहू पाठवणाऱ्या तिच्या चुलत्याशी फोनवर अगदी हळू बोलत होती. गहू ग्यालरीत ठिवू, राहू द्या त्यांला खोलीत. रमतेत बिचारे.
सगळं स्पष्ट ऐकू आलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि गोधडी परत ठोकली.