हा वाटा कोणाचा?

प्रिय कामिनी,

उमरेडच्या जागेवरचा तुझा हक्क सोडायचा कागद मले तीन हजारांत पडला. वकील, टायपिंग आणि वकिलाचा चहा. म्हटलं, स्वस्तात झालं. मग फोनवर तू म्हणालीस, "भाऊ, तू देशीन ते घेईन," आणि तेव्हापासून जेवण गोड लागून नाही राहिलं. खरा खर्च तो.

आपल्या घरात देणं वेगळं होतं अन् वाटणं वेगळं, आठवते का वं? बाजारातून बोरं आणली की बाबा सुपात दोन ढीग करत. आई म्हणे, देऊन टाका पोराईले. बाबा म्हणत, "देऊन नाही राहिलो, वाटून राहिलो." देणारा आपल्या मर्जीनं कमीजास्त करतो, वाटायचं तर तिथं कोणाची मर्जी नको, असं त्यांचं म्हणणं. विणताना मागावर त्यांचा हात सरळ चाले, ढीग मात्र एक मोठा, एक लहान होई. म्हणून मी ढिगांकडे पाठ करून बसायचो, तू एका ढिगावर हात ठेवून विचारायचीस, "हा वाटा कोणाचा?" आणि मी नाव घ्यायचो.

मोठा ढीग दरवेळी मलेच काहून येई, ते आज सांगतो. तुझा हात त्यावर गेला की बांगड्या वाजत. लहान ढिगावर वाजत नसत. असे माझे कान! याच कानांवर मिहानच्या कंपन्यांत कॅन्टीन उभं केलं. पळीच्या आवाजावरून सांगतो, कोणत्या गंजात किती वरण उरलं. तुझी वहिनी हे ऐकून ऐकून कंटाळली आहे.

परवा सिंधूआत्यालाही ऐकवलं. ती हसत सुटली. घरी येऊन मी तो बिनसहीचा कागद फाडला.

रविवारी सावनेरहून सकाळीच निघ. जागेचे दोन भाग आखून ठेवले आहेत, रस्त्याकडचा आणि विहिरीकडचा. विहिरीकडचा रुंद धरला, तरी रस्त्याकडचा भारीच. या वेळी पाठ तू करायची. मी अनवाणी जाऊन एका भागात उभा राहीन. विचारायचं काम आत्याचं, तुझ्याजवळ बसून. ज्याचं नाव घेशील, त्याचा तो वाटा.

बोरं वाटताना आत्या तुझ्या समोरच असायची. लहान ढिगावर हात नेताना तू बांगड्या दुसऱ्या हातानं दाबून धरायचीस.

तुझाच,
शालिकभाऊ