मुकुटवाली कंपनी, मॉडेल पाचशे

सोमवार, ६ मे
हॉलला रंग लागतोय. रंगाऱ्याने भिंती मोकळ्या केल्या, त्यात माझं लंबकाचं घड्याळही उतरवलं. सूनबाई म्हणाली, आई, हे आता परत वर जाणार नाही, नव्या भिंतीवर हा डबा शोभायचा नाही. डबा! म्हटलं, बाई गं, अँटिक आहे ते. ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी जुन्या बाजारातून आणलं, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसं धरून. बंद होतं, ह्यांनीच चालू केलं. तर म्हणते, कंपनी कोणती? म्हटलं, मोठी. मोठी म्हणजे? म्हटलं, खूप मोठी.
शेवटी ठरलं. रंग वाळायच्या आत कंपनी आणि मॉडेल सापडलं तर घड्याळ हॉलमध्ये, नाहीतर माळ्यावर. मुलगा मध्ये पडला नाही. पेपरात तोंड घालून बसला होता. पेपर कालचा होता.
निश्चय: आजच शोधायचं. जेवण झाल्यावर. जरा आडवी होऊन.

मंगळवार, ७ मे
काल आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. असो.
आज भिंग घेऊन बसले. तबकडीवर नाव नाही. पूर्वी होतं काहीतरी, गोल गोल अक्षरांत. पण मी दर वर्षी भांड्यांच्या पावडरीने तबकडी घासते, स्वच्छतेत माझा हात कोणी धरणार नाही. नावच कच्चं होतं त्याला मी काय करू? चांगल्या कंपनीचं असतं तर टिकलं असतं.
हे शेवटचं वाक्य सूनबाईसमोर बोलायचं नाही.

बुधवार, ८ मे
नातीने घड्याळाचा फोटो मोबाइलला दाखवला. मोबाइल आधी म्हणाला, घड्याळ. एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळतं. मग म्हणाला, औषधांचं कपाट. मग ओव्हन. नात हसून लोळली. मी मोबाइलला माफ केलं. त्या बिचाऱ्याने इतकी भारी वस्तू पाहिली कुठे असणार?
तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. त्यांच्या घड्याळावर पितळी पट्टीत कंपनीचं नाव कोरलंय, हे त्या तब्येत विचारायच्या आधी सांगतात. आज माझ्याही तोंडून गेलं की आमचं तर राजघराण्याला घड्याळं पुरवणाऱ्या कंपनीचं निघालं. त्या म्हणाल्या, अय्या, मग रविवारी भावाला घेऊन येते, जुनी घड्याळं हाच त्याचा धंदा.
आली का पंचाईत! पण मी खोटं बोलले नाही. सापडायचं बाकी आहे, एवढंच.

गुरुवार, ९ मे
शोधाला सुट्टी. कॉफीची पावडर परत ओली झाली, दगड झालाय नुसता. डब्यावर बशी ठेवली की असंच होणार. चांगलं घट्ट झाकण होतं, पण माझा संसार नवा होता तेव्हाच शेजारणीने लांबवलं. तेव्हापासून आमचं बोलणं जिन्यात मान हलवण्यापुरतं. मी तरी हलवते. मोठं मन लागतं.

शुक्रवार, १० मे
सापडलं! सापडलं!
घड्याळाचं दार उघडून लंबक काढला. चकती पुढून सोनेरी. मागून धुळीचा थर. ओल्या फडक्याने पुसलं तर काय, मुकुट घातलेली बाई, आणि खाली आकडा ५००! मुकुट म्हणजे राजघराणं. पाचशे म्हणजे मॉडेल. मी बोलले ते अक्षरशः खरं निघालं, माझ्या जिभेला गुण आहे. त्या बाईचा चेहरा तर मला जन्माचा ओळखीचा वाटला. थोर वस्तूंचं असंच असतं.
विहीणबाईंना फोन केला. सूनबाई नुसतं हं म्हणाली. रंगाऱ्याला सांगितलं, हॉलच्या मधोमध खिळा ठोक. तो म्हणाला, आजी, रंग ओला आहे. म्हटलं, खिळा वाळलेला आहे ना? ठोक.

रविवार, १२ मे
विहीणबाईंचा भाऊ आला. हातमोजे घातले, घड्याळ उघडलं, आणि आत डोकं घालून बघतच राहिला. मला वाटलं, भारावला.
म्हणाला, पेटी एका घड्याळाची, आतलं मशीन भलत्याच टेबलावरच्या घड्याळाचं, आणि काटे उलटे लावलेत. मी समजावलं की आमच्या घरात पहिल्यापासून मोठा काटा तासाचा आणि छोटा मिनिटांचा. मुलगा शाळेत ह्याच प्रश्नात नापास झाला, तेव्हा मी मास्तरांनाही असंच समजावलं होतं. मुलगा उठून गॅलरीत गेला.
मग विहीणबाईंच्या भावाने लंबकाची चकती खरवडली. पाचशेच्या पुढे, दांडी चिकटवायला लावलेल्या लाखेखालून अक्षरं निघाली: ग्रॅम. म्हणाला, आजी, हे डब्याचं झाकण आहे.
नात स्वयंपाकघरात पळाली. कॉफीचा डबा आणला, बशी काढली, झाकण ठेवलं.
टक्.
विहीणबाईंना हसताना ठसका लागला. मी पाणी दिलं नाही. नाहीतर ठसका जास्त होतो.

सोमवार, १३ मे
सूनबाई म्हणाली, आई, घड्याळ बनवणारा तर कळला, शब्द म्हणजे शब्द. घड्याळ हॉलमध्ये लागलं. ओल्या रंगात पडलेलं भोक झाकायला काहीतरी हवंच होतं, असंही म्हणाली. ते मी ऐकलं नाही. एकंदरीत मी जिंकले. झाकण लंबकाला, बशी डब्यावर. काटे उलटे ते उलटेच ठेवायला लावले. ह्या वयात नवं कोण शिकणार?
शेजारणीकडे एकदा जाऊन यायला हवं. उद्या. किंवा रंग नीट वाळल्यावर.
आणि हे! रोज संध्याकाळी ह्याच घड्याळाखाली खुर्ची टाकून बसायचे. मी आतून शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे. हे मान वर करून लंबकाकडे बघायचे आणि म्हणायचे, कॉफी छान झालीये हं.