काडीमोड नवऱ्याशी, घराशी नव्हे

मी, गेनोर ॲन कर्कबी, मधली सोळा वर्षे सौ. स्टब्ज, वय बावन्न, धंदा जुन्या खुर्च्या-सोफ्यांवर नव्या गाद्या आणि कापड चढवण्याचा, राहणार एकोणीस, टॅनर्स रो, ग्रिम्झबी, लिहून ठेवते की आज माझे डोके शाबूत आहे, दोन्ही हात चालत आहेत आणि कोणाचाही दाब माझ्यावर नाही. डोक्याबद्दल शेजारच्या मिसेस ड्रिंग यांचे मत वेगळे आहे. त्यांचा समाचार कलम पाचमध्ये घेतला आहे.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. देण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते, आणि होते ते आपोआप योग्य माणसाला जाईल असे वाटले होते. दोन्ही समज चुकीचे निघाले. माझ्या मागे सगळी व्यवस्था माझी मुलगी फ्रेया हिने पाहावी. ती समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दोरीला लटकून पाती दुरुस्त करते. आईचे कागद तिला जड जाऊ नयेत.

कलम २. घर. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

हे घर मी आणि माझा तेव्हाचा नवरा नेव्हिल स्टब्ज याने दोघांच्या नावाने, दोघांच्या कर्जावर घेतले. २०१८ च्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी माझ्या बोटांतून हातोडी गळून पडली. दुपारी पाय गेले. नसांचा आजार. आमच्या धंद्यात लहान खिळ्यांना चुका म्हणतात आणि त्या तोंडात धरून काम करायचे असते. अकरा महिने मला एक चूक उचलता आली नाही, म्हणून इतरांच्या मोजत पडून राहिले.

सहाव्या महिन्यात नेव्हिल इस्पितळात येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"गेनोर, मला हे आजारपण झेपत नाही."

"तुला कुठे झालंय? मला झालंय," मी म्हणाले.

तो गेला. त्याच्यामागे हप्तेही गेले. तीन उधारीच्या खात्यांवर माझ्या नावापुढे थकबाकीचा शेरा बसला: बँकेचे कार्ड, कपड्यांच्या दुकानाचे कार्ड आणि एक घरपोच माल पाठवणारी कंपनी, जिच्याकडून मी फक्त एक इस्त्री घेतली होती. कर्ज देणाऱ्या कंपनीला मी इस्पितळातूनच फोन केला. फोन नर्सने कानाशी धरला होता.

"हप्ता दोघांचा आहे," मी म्हणाले. "निम्मा मी देईन. निम्मा त्याच्याकडून घ्या."

"बाई, आमच्याकडे निम्मं असं काही नसतं. जो सापडेल त्यानं सगळं द्यायचं."

"पण तो सोडून गेला."

"आमच्या कागदावरून नाही गेला."

फोनवरचा तो मुलगा उद्धट नव्हता. हप्ता वर्षभर कमी करायची सोय आहे हेही त्यानेच सांगितले. बाकीच्या तिघांना मी एकेक पत्र लिहिले, डाव्या हाताने, कारण आधी तो हात परत आला. महिन्याला पाच पौंड देईन, पटत असेल तर घ्या. दोघांनी घेतले. इस्त्रीवाल्यांनी वकिलाची नोटीस पाठवली आणि मग तेही पाच पौंडांवर आले. २०२३ पर्यंत या तिघांचे सगळे फिटले. शेरे मात्र फिटत नाहीत. देणे चुकते झाले तरी शेरा लागल्या दिवसापासून सहा वर्षे बसून राहतो, लग्नातल्या फोटोत आलेल्या दूरच्या मामासारखा.

घटस्फोट आम्ही २०२० मध्ये स्वस्तात केला. अर्ज भरले, फी भरली, वकील लावला नाही. मी माहेरचे नाव परत घेतले आणि घराच्या दोन फाका झाल्या असे धरून चालले. या मार्चमध्ये वाचनालयात मोफत सल्ला देणारे निवृत्त गृहस्थ श्री. पॉकलिंग्टन यांच्यासमोर बसले. ते कागद वाचायच्या आधी चष्मा पुसतात आणि वाचून झाल्यावर पुन्हा पुसतात.

"बाई, तुम्ही नवऱ्यापासून काडीमोड घेतलात," ते म्हणाले. "घरापासून नाही घेतलात."

"म्हणजे?"

"तुमची मालकी जुन्या पद्धतीची आहे. दोघांतलं एक गेलं की सगळं घर मागं राहील त्याचं. मृत्युपत्रात काही का लिहा."

"म्हणजे उद्या मला ट्रकनं उडवलं तर घर नेव्हिलचं?"

"सगळं."

"आणि फ्रेया?"

त्यांनी चष्मा पुसला.

फ्रेया दोन आठवडे समुद्रावर असते आणि दोन आठवडे याच घरात. तिला दुसरे छप्पर नाही. पाच वर्षे मी रस्ता ओलांडत होते ते तिचे घर पणाला लावून, आणि मला पत्ता नव्हता. गावात माझ्यासारख्या किती बायका असतील, ज्यांनी फॉर्म भरून माणूस सोडवला आणि भिंती तशाच ठेवल्या, कोण जाणे.

त्यावर उपाय एका पानाचा निघाला. ही मालकी मोडून ज्याचा त्याचा निम्मा हिस्सा करावा, अशी नोटीस मी १ जुलै रोजी नेव्हिलच्या हातात दिली. ११ जुलैला नोंदणी कचेरीचे पत्र आले. आता निम्मे घर खरोखर माझे आहे. ते मी फ्रेयाला देत आहे, त्यावरच्या कर्जासह. क्षमस्व, पोरी. दोन्ही एकत्रच मिळतात.

कलम ३. उरलेल्या निम्म्या घराबद्दल. ते माझे नाही, म्हणून ते मला देता येत नाही. पण हकिकत नोंदवून ठेवते. नेव्हिल मे महिन्यात दारात आला होता. त्याला आणि त्याची आताची बायको लोरेन हिला घर घ्यायचे आहे आणि कोणी कर्ज देत नाही.

"तुझ्या शेऱ्यांमुळं," तो म्हणाला.

"माझ्या? हप्ते तूही बुडवलेस. कर्ज एक, डाग दोघांना."

सरकारदरबारी आम्ही परके. उधारीच्या दरबारी गाठ अजून पक्की. हे कर्ज आहे तोवर उधारीची नोंद ठेवणारे आम्हाला आर्थिक जोडीदार म्हणतात. त्याने चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "मला घर नको, गेनोर. सहा वर्षं एक हप्ता दिला नाही, कुठल्या तोंडानं मागू? माझं नाव तेवढं मोकळं कर."

सोळा वर्षांत त्याच्या तोंडून आलेले हे सर्वांत शहाणे वाक्य, आणि ते नेमके दुसरीच्या संसारात आले.

पण कर्ज एकटीच्या नावावर करायला कंपनीला माझा कागद स्वच्छ हवा. कार्डाचा शेरा मे महिन्यात गेला, कपड्यांचा जूनमध्ये. इस्त्रीचा २३ सप्टेंबरला जाईल. २४ ला सकाळी नऊ वाजता माझा अर्ज कंपनीत असेल. मंजूर झाला तर हे मृत्युपत्र फाडून नवे करीन, त्यात पूर्ण घर असेल. हे पत्र मधल्या सहा आठवड्यांसाठी आहे. सहा आठवडे काही फार नाहीत, असे श्री. पॉकलिंग्टन म्हणतात. मी सकाळ ते दुपार एवढ्या वेळात उभीची आडवी झालेली आहे.

कलम ४. बचत सहा हजार दोनशे पौंड. फ्रेयाला. यातून शवपेटी साधी घ्यावी. तिच्या आतले अस्तर मी स्वतः शिवून माळ्यावर ठेवले आहे; दुकानातली टाके सोडतात.

कलम ५. चुंबकी हातोडी, बाकदार सुया आणि पट्टे ताणायची फळी मिसेस ड्रिंग यांना. मी आजारी असताना त्यांनी पूर्ण गल्लीला "बिचारी आता काही उठत नाही" असे सांगितले, आणि रोज संध्याकाळी माझ्या पोरीला जेवूही घातले. पहिल्याबद्दल हातोडी. दुसऱ्याबद्दल सुया. सत्तरी उलटल्यावर गादीकाम शिकायला माझ्याकडे येतात आणि हात चांगला आहे, हे मी जिवंतपणी त्यांना सांगणार नाही.

कलम ६. शिवणयंत्र विकू नये. ते अजून कामात आहे. डिसेंबरपर्यंतची कामे घेतलेली आहेत; मी नसल्यास गिऱ्हाइकांना आगाऊ रक्कम परत द्यावी. मी असल्यास त्यांनी घाई करू नये.

कलम ७. साक्षीदार. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, त्याच्या बायकोलाही नाही. हक्काने घरी बोलावता येतील अशा दोघींनाही मी काही ना काही देऊन बसले आहे, आणि श्री. पॉकलिंग्टन वाचनालयाबाहेर सही करत नाहीत. विचार करता करता लक्षात आले की ज्याला मी एक चमचासुद्धा ठेवलेला नाही असे या गावात एकच जोडपे आहे. त्यांना फोन केला. लोरेन केक घेऊन आली. दोघे माझ्या सोफ्यावर बसून हे वाचत आहेत, आणि केक चांगला असूनही वरचे एकही वाक्य बदललेले नाही.

हे मी माझ्या उजव्या हाताने लिहिले आहे.

ग्रिम्झबी, शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

सही: गेनोर ॲन कर्कबी

गेनोर हिने आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: लोरेन स्टब्ज, मासळी कारखान्यात पर्यवेक्षक.

साक्षीदार २: नेव्हिल स्टब्ज, ट्रकचालक. वाचलं. निम्मं घर तिचं. बाकीचं निम्मं सप्टेंबरात आणून देतो.