बिनकुलपाची कडी

शनिशिंगणापूर,
दि. २१ जुलै २०२५

चि. रेश्मा हिस मनकर्णाआत्याचे अनेक आशीर्वाद. इकडं समदी खुशाली हाय, म्हंजे लिहायची पद्धत म्हणून हाय.

तू म्हणशील, मोबाईल असताना आत्या कागद का खराब करती. तर तुझे आप्पामामा स्पीकर लावल्याबिगर मला फोनवर बोलू देत न्हाईत, आन् जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच हाय.

आपल्या गाडीतनं नऊ पोरी रोज सोनईच्या शाळेत जात्यात, तुला ठाऊकच हाय. यष्टीची वेळ शाळेला जुळत न्हाई. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी स्टेरिंग धरलं तवा गाव हसलं, आन् मंग त्याच गावानं लेकी माझ्या हवाली केल्या. तर गेल्या सोमवारी गाडी अर्ध्या वाटेत खोकाया लागली, धूर काढला आन् बसली ती बसलीच. लंकाबाईच्या नातीची, दिशाची, चाचणी बुडली. मेस्तरीनं टाकी उघडून वास घेतला आन् सांगितलं, डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंय.

तेल कधी मी भरते, कधी हे भरत्यात; त्या दोन दिसांत दोघांनीबी भरलं हुतं. हे चारचौघांत बोलून गेले की मी तर डिझेलच मागितलं हुतं, बायामानसाचं ध्यान ठिकाणावर नसतं. झालं! लंकाबाईनं तेवढंच धरलं. आता पोळ्यानंतरच्या रविवारी पालकांची बैठक हाय. तवर पुन्हा असं झालं, तर पोरी दुसऱ्या गाडीत जातील.

रेश्मा, खरं सांगू? आता मलाच वाटाया लागलंय, मीच चुकले आसन. रोज पंपावर तीन-तीनदा इचारते, डिझेलच हाय ना? तिथली मानसं हसत्यात. तू त्या कारखान्यात लोखंड कापतीस, यावर काही इलाज निघल का बघ. पोरी गेल्या तर सकाळी सहाला उठून मी करू काय?

तुझी,
मनकर्णाआत्या


केडगाव,
दि. २६ जुलै २०२५

ती. स्व. आत्यास रेश्माचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. आत्या, चुकलीस असं स्वतःला म्हणू नकोस. मला सायकल शिकवताना तू ब्रेक चारदा तपासायचीस, ती तू टाकीत काय जातंय ते बघणार नाहीस? मामांना माझा नमस्कार सांग, पण जरा कोरडाच सांग.

इलाज आहे. पंपावर डिझेलची नळी जाड असते आणि पेट्रोलची बारीक. म्हणून तर पेट्रोलची नळी डिझेलच्या टाकीत सुळकन जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. टाकीच्या तोंडात बसणारी एक कडी असते. तिच्या आत झडप, आणि झडपेला समोरासमोर दोन खिट्ट्या. जाड नळी दोन्ही खिट्ट्या एकदम दाबते, झडप उघडते. बारीक नळी एका वेळी एकच दाबू शकते, दुसरी जागची हलत नाही. मग कितीही जोर लावा.

विकत मिळते, पण तुझ्या गाडीची कडी मीच आमच्या लेथ यंत्रावर करणार. तुझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात नको. फक्त टाकीच्या तोंडाचं माप हवं. पट्टीनं घेऊ नकोस, अंघोळीच्या साबणाची नवी वडी त्यावर दाबून ठसा घे आणि तीच पाठव.

तुझी लाडकी (आतेभाऊ काहीही म्हणो),
रेश्मा


शनिशिंगणापूर,
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मास आशीर्वाद.

सोबत साबण पाठवलाय. चंदनाचा हाय, माप झाल्यावर वापर, टाकू नको.

पण इथं नवाच तमाशा झालाय. ठसा घेताना ह्यांनी बघितलं आन् तापले. म्हणाले, ज्या गावात घराला दार न्हाई, माझ्या प्रसादाच्या दुकानाला शटर न्हाई, गाडीची किल्ली गाडीतच ऱ्हाती, तिथं टाकीला कुलूप लावून तू माझं नाक कापणार का? दोन दिस अबोला हाय. जेवायला मात्र वेळेवर येत्यात.

मी तुझ्याच बाजूनं हाय, पण गावाची रीत मोडल्याचा बोल मला नको. कायतरी समजूत घाल बाई.

मनकर्णाआत्या


केडगाव,
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्या व ती. स्व. मामा यांस साष्टांग नमस्कार.

कडी पाठवतेय. तीन बिघडल्या, चौथी जमली. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या आरतीनं दोन्ही मापांच्या नळ्या घालून शंभर वेळा तपासली. तुमच्या मेस्तरीकडून बसवून घ्या.

मामा, हे तुमच्यासाठी. याला किल्ली नाही, आकडा नाही, काही नाही. जे टाकीचं आहे त्याला ती आपण होऊन वाट देते, आणि नाही त्याला देत नाही. आपल्या गावात घरांना दारं नाहीत ती का, हे मला लहानपणी ओट्यावर बसवून तुम्हीच सांगितलंय. राखणारा वर बसलाय म्हणून, असं म्हणाला होतात. आता तुम्हीच ठरवा याला कुलूप म्हणायचं का.

आणि आत्या, बैठकीला मान वर करून जा.

तुमची,
रेश्मा


शनिशिंगणापूर,
दि. २४ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मास आप्पासाहेबाचा आशीर्वाद. तुझी आत्या म्हणाली, हे पत्र तुमीच लिहा, मी न्हाई लिहायची. म्हणून लिहितो.

तुझं पत्र वाचून मीच मेस्तरीला बोलावलं. कडी बसवली. आज बैठकीचा दिस. म्हणलं, मनकर्णाला तेवढीच मदत, म्हणून सकाळी मीच गाडी पंपावर घेऊन गेल्तो. कालच्या शनिअमावास्येची गर्दी अजून उतरली नव्हती. पंपावर ही रांग! माझ्या मागंच लंकाबाई, जावयाच्या गाडीवर.

पंपावरच्या मानसानं नळी लावली, ती आत जाईना. मी म्हणलं, दाब. त्यानं दाबली. जाईना. मी म्हणलं, पोरीनं कडीच चुकीची केलीय, पुन्हा दाब. मागनं हॉर्न वाजाया लागले, मी त्या मानसावर ओरडलो बी. तवा तो शांतपणे म्हणाला की आप्पा, तुमीच पेट्रोल सांगितलं, ही नळी पेट्रोलची हाय.

मी म्हणलं, मी डिझेलच म्हणालो! तर मागनं लंकाबाईनं सांगितलं की आप्पासाहेब, मी माझ्या कानानं ऐकलं, तुमी पेट्रोलच म्हणालात.

पोरी, तवा उमगलं. तीस वरसं स्कूटरला पेट्रोल मागतोय. जिभेला तेच वळण. मनात डिझेल, तोंडात पेट्रोल, आन् मला पत्ताच न्हाई. मागच्या खेपेला बी हेच झालं आसनार. आन् महिनाभर मी त्या बाईला बोल लावत बसलो.

डिझेल भरलं. जाड नळी लोण्यात सुरी जावी तशी गेली. तिथनं थेट बैठकीला. मनकर्णा कोपऱ्यात उभी हुती, हातात गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, तोंड उतरलेलं. कुणी काही बोलायच्या आत मी उभा ऱ्हायलो आन् समद्यांदेखत सांगितलं, चूक माझी हुती. हिची न्हाई, हिची कधीच नव्हती.  लंकाबाईनं साक्ष दिली आन् सांगून टाकलं की दिशा उद्यापास्नं पुढच्या सीटवर, मनकर्णाबाईशेजारी बसणार. आणखी दोन पोरींची नावं आली. टाळ्या वाजल्या गं! पालकांच्या बैठकीत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

मनकर्णानं डोळ्याला पदर लावला. मंग गाडीत बसली आन् मला म्हणाली, चला, आज तुमी शेजारी बसा. अख्ख्या गावातनं फिरवलं मला. मी बसलो गुमान.

आता तुझ्याकडं एक काम हाय. तशीच एक कडी माझ्या तोंडासाठी कर. तुझी आत्या इचारती, साबणावर ठसा घेऊन पाठवू का?

तुझा, चूक कबूल केलेला,
आप्पामामा