मडगार्डवरचा गंज

सर्वण, रविवार संध्याकाळ

बोटांची सालं निघाली. रॉकेल संपलं, पॉलिश पेपर संपला, पण बाबांच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डवरचा गंज काही संपत नाही. बाकी सायकल धड आहे. उद्या सुरेखाला ती शाळेत न्यायचीय आणि तिचा बाप वीतभर पत्र्याशी झटतोय!

गंज नेमका तिथेच का, हे मला ठाऊक नाही होय? भाषेच्या आंदोलनात मी तिथे ‘मराठी’ रंगवलं. दादाने ते दगडाने खरवडून ‘कोंकणी’ रंगवलं. मग मी ते खरवडलं. असं किती वेळा? गोवा घटक राज्य झालं, तरी एका घरात राहून आमचा अबोला चालूच.

आज रंग निघाला, तर खाली नुसते खड्डे. कुठला ओरखडा माझा, कुठला दादाचा, कळेना. चिडून मी तारेचा ब्रश आणखी जोरात घासला.

मागून दादा म्हणाला, “आनी खरवडूं नाका रे, पत्र्याक बुराक पडतलो.”

दोन वर्षांनी तोंड उघडलं, तेही पत्र्याला भोक पडेल म्हणून मला शिकवायला! मी ओरडलो, “मागीर तूंच कर मरे!”

कोंकणीतून ओरडलो, हे त्याच्या लक्षात आलंच असणार. हसला नाही मेला. माझ्या हातातला ब्रश घेतला आणि हलक्या हाताने घासू लागला.